सोंग नव्हतं

मी सूड घेतला आणि मला त्याची लाज वाटत नाही. आधीच सांगते, म्हणजे पुढे कुणी माझ्या सोशिकपणाचं कौतुक करायला नको.

गेल्या श्रावणात कानबाईच्या सणाच्या तोंडावर मला ताप आला. तसा तो आमच्या देवपुरात घरोघरी होता, उतरलाही. मग एका सकाळी पाठीत कळ आली, पोटाभोवती करकचून पट्टा आवळल्यासारखं झालं आणि दुपारपर्यंत दोन्ही पाय लुळे. घरात कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू दळायला घेतले होते. थोरली जाऊ जमलेल्या बायकांना म्हणाली, "रोटना काम उनं, हिना पाय गळनात. बठ्ठं सोंग शे."

नवरा दवाखान्यात न्यायला निघाला तर तिनंच अडवलं. नस चढली असेल म्हणे. सोनगीरकडून एक नस बसवणारा आणला. त्यानं दोन दिवस माझे पाय ओढले. लघवी तुंबून पोट फुगलं, तेव्हा कुठे मला रिक्षात घातलं. डॉक्टर म्हणाले, विषाणूच्या तापानंतर क्वचित कुणाच्या मज्जारज्जूला सूज येते, तशी आलीय. मग विचारलं, "दोन दिवस काय करत होतात?"

सलाइनमधून औषधं झाली, मग कित्येक महिने वॉकर. माझं शिलाई मशीन पायानं चालवायचं, ते अजून झाकलेलंच आहे.

यंदा कानबाईला काठी टेकत गेले, खुर्चीवर बसले. जाऊ भाऊबंदांना सांगत होती, मी धावपळ केली म्हणून ही वाचली. माझं टाळकंच सटकलं. आमच्यात सगळं घर बसल्याशिवाय रोट मोडत नाहीत आणि बाहेरच्याला देतही नाहीत. मी ताट सरकवलं. त्या दोन दिवसांची हकिकत सगळ्यांसमोर खणखणीत सांगितली आणि म्हटलं, अक्कांनी माझे पाय धरल्याशिवाय मी घास घेणार नाही.

थोरलीनं धाकटीचे पाय धरायचे! सासरे, म्हणजे आमचे नाना, समजावून थकले. पोरं भुकेनं रडायला लागली. मी ढिम्म हलले नाही. खरं सांगायचं तर मला मजा येत होती.

शेवटी ती उठली, पदर सावरून वाकली. मी वाट बघत राहिले. खाली पाहिलं तेव्हा कळलं, तिचे दोन्ही हात केव्हाचे माझ्या डाव्या पायावर होते.

"अक्का, तो ऱ्हाऊ द्या," मी म्हणाले. "त्याले काहीच समजत नही. हाऊ उजवा धरा."