चार मिनिटांत बसणारी प्रार्थना

देवाशी बोलायचं तर आधी कच्चं लिहावं, मग पक्कं लिहावं आणि मग शुद्धलेखन तपासावं, असं मी बरीच वर्षं मानत आले. जन्मभर शाळेत मराठी शिकवल्यावर दुसरं काय होणार? निवृत्त झाले, माझ्या तावडीतून मुलं सुटली आणि मंडळी सापडली.

मंडळी म्हणजे आमच्या चर्चची माणसं. पेणमध्ये थोडी घरं, रोह्यात त्याहून थोडी. बहुतेक सगळी कंपनीतल्या नोकरीसाठी घाटावरून आलेली आणि इथलीच झालेली. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात. बाकीच्या रविवारी उपासना कोणी चालवायची हा विषय निघाला तेव्हा सगळ्यांनी जमिनीकडे पाहिलं आणि मी छताकडे. खोटं कशाला बोलू, मला सापडायचंच होतं. तेव्हापासून सकाळी पेण आणि दुपारच्या गाडीनं रोहे. उपदेश तोच, प्रार्थना तीच, माणसं वेगळी.

आमच्या गल्लीत गणपतीचे कारखाने आहेत. समोरचे मूर्तिकार वर्षभर मातीत हात घालून बसलेले असतात आणि मी खिडकीशी कागदात. शनिवारी संध्याकाळी ते हमखास हाक मारणार, "काय बाई, प्रार्थना सुकली का अजून ओलीच हाय?" मी म्हणायची, "शेवटचा हात फिरवतेय." ते म्हणायचे, "आमच्या देवाला नुस्तं हात जोडलं तरी चालतं. तुमच्याकडं लेखी अर्ज लागतो व्हय?" मी हसायची नाही. खिडकी ओढून घ्यायची.

दर डिसेंबरात मी जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरून वर्षभराच्या उपासनांचा तक्ता करायची. कोणत्या रविवारी कोणता शास्त्रपाठ, उपदेशाचा विषय, तीन मुद्दे, गीतं. आमच्या ह्यांनी सगळी नोकरी कंपनीत काढली. ते चष्मा वर करून म्हणाले, "अगं, हा उपासनेचा तक्ता आहे का शिफ्टचा? ह्यात देवाला बदली सुट्टी कधी?" मी त्यांचा चहाचा कप कागदावरून उचलून ओट्यावर ठेवला.

ह्या तक्त्यानं माझं एकदा चांगलंच नाक कापलं होतं. जुलैत मी 'जिवंत पाणी' हा विषय ठेवला होता. डिसेंबरात फार देखणा दिसत होता तो. नेमकी त्या शनिवारी अंबा नदी चढली आणि नागोठण्यात घराघरांत पाणी शिरलं. रविवारी सकाळी तीन कुटुंबं नातेवाइकांचे कपडे घालून पेणच्या उपासनेला बसलेली. शहाण्या बाईनं कागद घडी करून पर्समध्ये टाकला असता. पण तक्त्यात लिहिलेलं बदलायचं म्हणजे काय! दुसऱ्या मुद्द्यावर आले आणि आवाज चढवून विचारलं, "पाणी आपल्या दाराशी येतं, पण आपण दार उघडतो का?" पहिल्या बाकावरून एक काकी शांतपणे म्हणाल्या, "आमी नव्हतं उघडलं. तरी आलं." सगळे हसले, ती तीन कुटुंबंसुद्धा. मी मात्र दोन दिवस फुगून बसले होते, कारण तिसरा मुद्दा कोणी ऐकलाच नाही.

पण उपदेशापेक्षा माझा खरा जीव प्रार्थनेत. मध्यस्थीची प्रार्थना म्हणजे उपासनेत सगळ्यांच्या वतीनं लोकांच्या गरजा देवापुढे मांडतात ती. त्यासाठी दाराशी बिस्किटाचा रिकामा डबा ठेवलेला असतो. ज्याला जे मागायचं ते त्यानं चिठ्ठीवर लिहून टाकायचं. मी तो डबा घरी आणायची, आठवडाभर चिठ्ठ्या लावायची, जोडायची, आणि पुढच्या रविवारी त्यातून एक सलग प्रार्थना वाचायची. बरोबर चार मिनिटांत. हे घड्याळ लावून बसत.

लावायची म्हणजे सुधारायची. कोणी लिहिलेलं असे, 'जावयाची दारू सुटू दे, पण मी सांगितलं हे त्याला कळू नये.' त्याचं मी करायची, 'व्यसनांच्या विळख्यात अडकलेल्या बांधवांना, हे दयासागरा, मुक्तीची पहाट दाखव.' मग उपासना संपल्यावर ती सासू दाराशी गाठून विचारायची, "बाई, माझा जावई राहिला का हो?" मी म्हणायची, "त्यात आला तो." ती बिचारी मान हलवून जायची. माझ्या मनात यायचं, ह्यांना भाषा कळत नाही. आहे का नाही कमाल!

रोह्याच्या डब्यात एक चिठ्ठी दर रविवारी असायची. वहीच्या पानाची पट्टी, निळं पेन, तेच अक्षर. 'माझा मुलगा घरी येऊ दे. बाकी ठीक आहे.' लिहिणारी बाई तिथल्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. विधवा, एकुलता एक मुलगा. त्यानं शिक्षण मधेच सोडलं म्हणून तिनं चारचौघांत त्याच्या थोबाडीत मारली, आणि हा तेवीस वर्षांचा बाप्या त्याच दिवशी घरातून गेला. फोनचा नंबरही बदलला. दीड वर्ष झालं होतं.

पहिल्या काही रविवारी मी तिचं मागणं जवळजवळ तसंच वाचलं. मग माझ्यातली मास्तरीण कुरकुरायला लागली. तेच तेच किती वेळा? मी 'उधळलेल्या लेकरांना घरची वाट दाखव' केलं. नंतर 'वियोगानं व्याकूळ मातांचे अश्रू पूस' केलं. ती काही तक्रार करत नव्हती, पुढच्या रविवारी पुन्हा तीच पट्टी टाकत होती. तिनं एखादा शब्द तरी बदलावा म्हणून मी चिडायची, हे आज लिहितानाही लाज वाटते.

आणि मग आभाराचा रविवार आला. भात कापून झाल्यावर आमच्याकडे देवाचे आभार मानायची उपासना असते. ह्या वेळची प्रार्थना नुसती आभाराची करायची, मागणं एकही नाही, असं मी ठरवलं होतं. शेतं, खाडी, मीठ, तांदूळ, वाल, सगळं त्यात आलं होतं. इतर चिठ्ठ्यांची कशीबशी आभारात सोय लावली. गुडघा दुखतोय, तर गुडघा दिलास म्हणून आभार. पण मुलगा घरी येऊ दे, ह्याचं काय करायचं? कुठे बसेना. वाचून पाहिलं तर ह्यांचं घड्याळही चार मिनिटं वीस सेकंद दाखवत होतं. मी ती पट्टी बाजूला ठेवली. म्हटलं, एक रविवार राहिली तर काय बिघडतंय, देवाला पाठ झाली असेल आता.

रोह्यात ती प्रार्थना अशी रंगली की काय सांगू! 'आमेन' झाल्यावर कोणीतरी "वा" म्हणालं. चर्चमध्ये वा! परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून तो कागद पुन्हा दोनदा वाचला. शेजारच्या बाईनं विचारलंही, "कोणाचं पत्र आहे का?"

बुधवारी सकाळी रोह्याच्या मामांचा फोन आला. मामा म्हणजे तिथे दाराशी उभे राहून गीतांची पुस्तकं देणारे म्हातारबुवा. सलाम नाही, काही नाही.

"बाई, तिची चिठ्ठी का नाय वाचलीत?"

"कोणाची?"

"कोणाची म्हणून काय विचारता? पोरगा आला होता तिचा!"

मग कळलं ते असं. महिन्यापूर्वी पेणजवळच्या गडब गावात मामांची स्कूटर पंक्चर झाली, आणि हायवेलगतच्या गॅरेजात चाक काढायला पुढे आला तो हाच. मामांनी त्याला ओळखलं. म्हणाले, "अरे, तुझी आई दर रविवारी तुझ्यासाठी चिठ्ठी टाकते." तो म्हणाला, "काय पन सांगता. तिनं मला केव्हाच सोडलं असेल." मामा म्हणाले, "मग ये नि आपल्या कानानं ऐक." आईला आधी सांगायचं नाही, अशी त्यानं शपथ घातली. आणि तो आला, त्या आभाराच्या रविवारी. बाहेर चपलांपाशी उभा राहिला आणि माझी प्रार्थना शेवटपर्यंत ऐकली. खाडी ऐकली, मीठ ऐकलं, गुडघासुद्धा ऐकला. 'आमेन' झाल्यावर मामांना म्हणाला, "बघा, नाय ना?" आणि निघून गेला.

"मी पळालो मागं," मामा म्हणाले, "पन माझे पाय तुम्हाला ठाऊक हायत. तिला सांगायची माझी छाती नाय. तुम्हीच सांगा आता." आणि फोन ठेवला.

मी फोन ओट्यावर ठेवला. ह्यांनी विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांनी टोमणा मारला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

दुपारी मी रोह्याला गेले. गाडीत, सवयच ती, बोलायचे तीन मुद्दे काढले. आधी धीर द्यायचा, मग घडलेलं सांगायचं, मग क्षमा मागायची. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात ती कणकेचा मोठा गोळा मळत होती. मला पाहून म्हणाली, "बाई, तुम्ही? आज तर बुधवार." माझे तिन्ही मुद्दे तिथेच गळाले. मी एका दमात सांगून टाकलं. तुमचा मुलगा गडबला गॅरेजात असतो, रविवारी आला होता, तुमची चिठ्ठी ऐकायला आला होता, आणि मी ती वाचली नाही. डब्यात होती. मी गाळली.

मला वाटलं, ही आता लाटणं उचलेल. उचललं असतं तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "आला होता?"

"हो."

"कसा दिसत होता? बारीक झालाय काय?"

तो दारातून मला समोर दिसला असता, आणि मी त्याला पाहिलं नव्हतं. मी कागदात पाहत होते. तसं सांगितलं तिला. त्यावर तिचा चेहरा पडला, गाळल्याचं ऐकून पडला नव्हता इतका.

मग तिनं विचारलं, "गडबला कुठं?" मी सांगितलं. तिनं हात धुतले, पदर झटकला. मी पर्स उचलली तर म्हणाली, "तुम्ही नका येऊ, बाई. तुम्ही बोलत बसाल." दाराशी जाऊन वळली. "पोळ्या तेवढ्या लाटा. साडेसातला मुली जेवायला बसतात."

एवढ्या मुली, आणि मी दोन माणसांच्या पोळ्या करणारी! लाटता लाटता देवाला काहीतरी म्हणावं असं वाटलं. एरवी माझ्याकडे शब्दांना काय तोटा? त्या दिवशी एकही जागचा हलेना. तिचीच ओळ आली तोंडात. मुलगा घरी येऊ दे. पोळी तव्यावर टाकली, पुढची घेतली, मुलगा घरी येऊ दे. किती वेळा म्हटलं देव जाणे. कंटाळा आला नाही. मधे दोन मुली डोकावल्या आणि पोळ्यांचे आकार बघून खिदळत पळाल्या. मी रडत होते हे त्यांनी पाहिलं नसावं.

साडेसहाच्या सुमाराला ती परत आली. एकटीच. मी लाटणं हातात घेऊनच पुढे झाले.

"भेटला?"

"भेटला. बारीक नाय झाला, काळा झालाय."

"काय बोललात?"

"काय बोलायचं? त्याचं काम चाललं होतं. बसले बाजूला. मग चहा पाजला त्यानं." तिनं पोळ्यांची चवड पाहिली, वरच्या दोन उचलून बाजूला ठेवल्या आणि माझ्या हातातलं लाटणं घेतलं. "रविवारी येतो म्हणालाय."

मी म्हटलं, "देवाची कृपा! रविवारी आपण खास आभाराची प्रार्थना..." आणि जीभ चावली. जित्याची खोड, दुसरं काय. मग म्हटलं, "मला माफ करा."

तिनं पुढची पोळी लाटायला घेतली.

"येतो म्हणालाय, बाई. अजून आला नाय," ती म्हणाली. "चिठ्ठी मी डब्यात टाकलेली हाय. ह्या वेळेला गाळू नका."