गोफणीच्या शर्यतीत खटक्याचे धनुष्य

गोफणीच्या शर्यतीत खटक्याचे धनुष्य चालावे काय, या एकाच प्रश्नाचे उत्तर मला येथे द्यायचे आहे.

आधी शर्यत समजून घ्यावी. मैंदर्गीजवळ माझ्या चुलतीचे आणि दाजींचे, म्हणजे माझ्या बहिणीच्या यजमानांचे, शेत एकाच बांधाला लागून आहे. ज्वारी दाण्यावर आली की पाखरे राखावी लागतात. सूर्योदयाआधी माळ्यावर, म्हणजे शेतातल्या उंच मचाणावर, चढायचे आणि ऊन तापेपर्यंत गोफण फिरवायची. हे कष्ट कोणी घ्यायचे ते ठरावे म्हणून राखणीपूर्वी बाभळीला मडके टांगतात. जो ते फोडील, त्याच्या शेताची राखण हरणाऱ्याने आठ दिवस करायची. चुलती आजवर हरली नव्हती. यंदा मात्र तिच्या गुडघ्यांना माळ्याची शिडी चढवत नव्हती, त्यामुळे हरणे तिला परवडणारे नव्हते.

पंच मी. निवृत्त शिक्षक असल्याने नियमांची वही माझ्याकडे असते.

दाजींनी मोबाइलवर पाहून एक यंत्र बनवले होते. लाकडी दांड्यावर आडवे धनुष्य. दोरी ओढून खटक्यात अडकवायची, सावकाश नेम धरायचा आणि खटका दाबायचा. शहरी लोक त्याला क्रॉसबो म्हणतात.

“दाजी, हे चालणार नाही. गोफणीत सगळे काम हाताचे असते. येथे ताण लाकूड धरते.”

“मास्तर, वहीत दावा की. गोफणच पायजे असं कुटं लिवलंय?”

मी वही पाहिली. मडक्याच्या घेरावर दोन पाने होती. गोफणीवर एक ओळही नव्हती.

“जावयाला न्हाय म्हणू नगंस,” चुलती म्हणाली. “मारू दे.”

वडिलकीच्या मानाने तिने आधी पाच खडे मारले. गुडघा साथ देईना, पाचही चुकले. दाजींच्या पहिल्याच बाणाने मडके फुटले. निर्णय मला द्यावाच लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहायला गेलो. चुलती माळ्यावर नव्हती. बांधावर पोते अंथरून ती बसली होती आणि मांडीवर दाजींकडून मागून घेतलेले धनुष्य होते. बाण निमूटपणे आभाळात जात होते. गोफण सुटताना जो फटाका वाजतो, तो येथे नव्हता. पाखरे निवांत दाणे टिपत होती.

दाजी धावत आले. “अवो काकी, गोफण मारा की! कणसं रिकामी झाली!”

“गोफण फिरवायला उभं ऱ्हावं लागतं, जावईबापू. ह्ये बसून मारता येतं. लई गुणाचं हाय, पाखरू बी दचकत न्हाय.”

“तुमचंबी शेत खातील की!”

“माझं उशिराचं हाय. अजून दाणा भरला न्हाय.”

तिसऱ्या दिवशी दाजी स्वतः गोफण घेऊन माळ्यावर चढले आणि उरलेले दिवस तेथेच राहिले.

माझे उत्तर असे: मडके फोडण्यापुरते ते धनुष्य चालावे, राखणीच्या हंगामात त्याला जागा नाही. पण केवळ शिक्षकाने सांगितले म्हणून हे मानू नये. ज्वारी दाण्यावर असताना सकाळी बांधावर उभे राहावे, एकदा खटक्याचा बाण आणि एकदा गोफणीचा खडा मोकळ्या आभाळाकडे सोडावा, आणि प्रत्येक वेळी किती पाखरे उडतात ते स्वतः मोजून पाहावे, ही विनंती.