खिमटी, भिंतीकडं तोंड करून

माझ्या लेकीचा सातवा महिना संपत आला तेव्हा आमच्या घरात एकच विषय होता: ही खात का नाही. एक तारखेला मला वाळूजला कंपनीत परत हजर व्हायचं होतं. बाळंतपणाची रजा संपली होती, वर एक बिनपगारी महिनाही खाऊन झाला होता आणि सासूबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "लेकरू खायला लागलं तर खुशाल जा. नाय लागलं तर दिवसभर मी तिला काय देऊ? माझ्या अंगावर दूध हाय का?" यात खोट काढायला जागाच नव्हती, म्हणून मला जास्त राग यायचा.

तसं उष्टावण रीतसर झालं होतं. मामा आला, मांडीवर घेतलं, चांदीच्या वाटीतली खीर बोटानं जिभेला लावली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लेकीनं चेहरा असा केला की जणू मामानं एरंडेल पाजलं, आणि खीर त्याच्या नव्या शर्टावर परत केली. "पहिल्यांदा असंच असतंय," सगळे म्हणाले. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, मग तर मोजणंच सोडलं.

मी कामात हयगय करणारी बाई नाही. तांदूळ आणि मुगाची डाळ धुतली, फडक्यावर सावलीत वाळवली, मंद आचेवर भाजली, मिक्सरमधून भरड काढली. त्यातली चमचाभर रोज पाण्यात मऊ शिजवायची, जिऱ्याची चिमूट टाकायची, वरून तुपाचा थेंब सोडायचा. झाली खिमटी. वास असा सुटायचा की माझीच भूक चाळवायची. नाचणी भिजवली, मोड आणले, वाळवली, दळली, वस्त्रगाळ केली. रताळं उकडलं. लाल भोपळा उकडला. सफरचंद वाफवलं, केळं कुस्करलं. महाराणीसाहेबांची मर्जी काही होईना. पहिला चमचा गाफीलपणात आत जायचा. मग जीभ तो शिस्तीत बाहेर ढकलायची, हनुवटीवरून गळ्यात, गळ्यातून झबल्यात. त्यानंतर ओठ असे मिटायचे की काय सांगू. जबरदस्ती केली तर "फुर्रर्र". म्हणजे खिमटी माझ्या चष्म्यावर.

आणि हे सगळं भिंतीकडं तोंड करून.

उष्टावणाचा दिवस सोडला तर आमच्या घरात लेकराला उघड्यावर भरवत नाहीत. मागच्या खोलीत जायचं, दार लोटायचं, पडदा ओढायचा, भिंतीकडं तोंड करून पाय पसरून बसायचं, लेकरू पायांवर घ्यायचं आणि वाटीवर पदर धरायचा. माझ्या अंगावर ड्रेस असायचा, मग ओढणी. मधेच कुणी दारात आलं की वाटी ओढणीखाली. दृष्ट लागते. परक्यांचीच नाही, घरच्यांची आधी. लेकीच्या बापालाही त्या वेळी खोलीत यायची बंदी होती. "बापाची तर पयली लागती," सासूबाई म्हणायच्या. "त्याचा जीव असतो ना लेकरावर."

याच्या उलटही नियम होता. लेकरासमोर आपण खायचं नाही. तिचा जीव अन्नात अडकतो म्हणे. त्यामुळं नवरा ताटावर बसला की सासूबाई तिला उचलून मागं पाळण्यात नेऊन टाकायच्या. माझ्या जेवणाचं तर विचारूच नका. ती झोपली की ओट्यापाशी उभ्यानं, एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातानं गॅस पुसणं चालू. सासूबाई कधी जेवायच्या ते मला लग्नाला चार वर्षं होऊनही नीट कळलं नव्हतं. त्यांचं ताट घासायला पडलेलं दिसायचं, तेवढंच.

मी एकदा म्हटलं, "आई, ही भिंत बघून बघून मलाच भूक लागेनाशी झालीय. तिला कशी लागेल?"

"मी माझी तिन्ही लेकरं अशीच वाढवली," त्या म्हणाल्या. विषय संपला. त्यांतलं एक लेकरू माझ्याच गळ्यात बांधलेलं होतं आणि ते चांगलं धष्टपुष्ट होतं.

ते धष्टपुष्ट लेकरू त्या दिवसांत आणखीच फुगत चाललं होतं. लेकीनं नाकारलेली खिमटी टाकून द्यायची नाही म्हणून संध्याकाळी नवरा ती लोणचं लावून खायचा. "मस्त झालीय की," म्हणायचा, "हिला काय झालंय?" मला त्याच वाटीत त्याचं तोंड दाबावंसं वाटायचं. लेकीचं वजन वाढेना आणि बापाच्या पँटची बटणं लागेनात. शिवाय सल्ले द्यायला पैसे पडत नाहीत. "मोबाईल दाखवून बघ." दाखवला. तिनं सगळी गाणी बघितली, मान डोलावली, हसली, आणि ओठ मिटलेलेच ठेवले.

डॉक्टरीणबाईंकडं नेलं. काटा मागच्या वेळी जिथं होता तिथंच. त्यांनी पोट दाबून बघितलं, डोळे बघितले, म्हणाल्या, "आजारी नाही ही. खाणं हे शिकावं लागतं लेकराला. शिकेल. घाई करू नका."

घाई करू नका! एक तारीख काय माझ्या बापाची होती माझ्यासाठी थांबायला?

परत येताना रिक्षात सासूबाईंनी आधी लेकीचं टोपडं कपाळावर ओढलं. मग म्हणाल्या, "वजनाचं लई मोठ्यानं बोलली ती. बाहेर बाया बसल्या होत्या." थोड्या वेळानं म्हणाल्या, "एखादं साल घरीच ऱ्हा तू. नोकरी काय पळून चालली व्हय?"

पळूनच चालली होती. माझ्या जागेवर तात्पुरती बसवलेली मुलगी हुशार होती, हे मला तिथल्या मैत्रिणीनं फोनवर दोनदा ऐकवलं होतं. मी तिथं तपासणीच्या विभागात होते. सुटे भाग हातात घेऊन मापायचे, बसणारे ठेवायचे, न बसणारे परत पाठवायचे. मला ते काम आवडतं. लाज कसली सांगायला? त्या आठवड्यात मी घरातल्या दोन्ही बायकांकडं बघून मनात म्हणायचे, या दोघींना परत पाठवायची सोय असती तर किती बरं झालं असतं.

आणि मग नळाला पाणी आलं.

आमच्याकडं पडेगावात पाणी येतं तेव्हा बाकी जगणं थांबतं. यायचा दिवस ठरलेला, पण तो दिवस पाळायचाच असं पाण्यावर बंधन नाही. आलं म्हणजे उठा. सासूबाई मोटर लावून बाहेर हौदापाशी. मागच्या खोलीत ड्रम मांडलेले, पाईप स्वयंपाकघरातून ओढत थेट तिथपर्यंत नेलेला, सगळी फरशी ओली. भिंतीपाशी बसायला तसूभर जागा नाही. दारं सगळी सताड उघडी, कारण पाईप. आणि लेक नेमकी खायच्या वेळेला जागी.

मी तिला स्वयंपाकघरातच, धान्याच्या कणगीला टेकवून, मागं उशी लावून बसवली. समोर तिची वाटी. सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं, म्हणून माझं ताटही ओट्यावरून खाली घेतलं. भाकरी, मेथीची पातळ भाजी, कांदा. म्हटलं पाच मिनिटांत हिचं उरकते, मग दोन घास गिळते.

पहिला चमचा. फुर्रर्र. स्वच्छ धुतलेल्या ड्रेसवर.

माझं डोकंच फिरलं. "नको ना तुला? नको खाऊस! मीच खाते!" असं म्हणून मी तिच्या वाटीतली खिमटी खायला लागले. तिच्याच चमच्यानं. खरं सांगते, झकास झाली होती. मग भाकरी मोडली, भाजीत बुडवली, मोठमोठे घास घेतले, वर कांदा कराकरा चावला. आणि रडले. होय, रडत रडत जेवले. भूक लागली होती, नोकरी चालली होती आणि कणगीला टेकून बसलेली ही दीड वीत बाई माझ्या सगळ्या आयुष्याचा निकाल लावत होती.

डोळे पुसून वर बघितलं तर ती माझ्या तोंडाकडं बघत होती. हसत नव्हती, रडत नव्हती, नुसती बघत होती. मी घास घेतला की तिचा जबडा खाली. मी चावायला लागले की तिचेही ओठ हलायला लागायचे. मी थांबले, ती थांबली. मी मुद्दाम आऽऽ करून भाकरीचा तुकडा घेतला. ती पुढं झुकली, एका हातानं माझी हनुवटी पकडली आणि दुसऱ्या हाताचं बोट सरळ माझ्या तोंडात घातलं. आत काय चाललंय ते बघायला.

आणि मग तिनं तोंड उघडलं. एवढं मोठं.

मी चमचा दिला. जीभ बाहेर आली नाही. गळा हलला. पुन्हा आऽऽ. एक घास मला, एक तिला. माझा घास जरा लांबला तर ती माझ्या मांडीवर चापट मारून ओरडायची, आणि ते ओरडणंही मला गाण्यासारखं गोड लागत होतं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. अगं बाई, या पोरीनं जन्मल्यापासून कुणालाच जेवताना बघितलेलं नव्हतं! ना बापाला, ना आजीला, ना मला. तिला कसं कळणार की तोंडात जातं ते गिळायचं असतं, आणि त्यात मजा असते? तिच्या लेखी खिमटी म्हणजे अंधाऱ्या खोलीत, भिंतीपाशी नेऊन आई करते तो काहीतरी जाच होता.

"अगे, मोटर बंद करो, टाकी ऊपर से बह रही!" म्हणत समोरच्या घरातल्या खाला उघड्या दारातून आत आल्या आणि तिथंच थबकल्या. "खा रही ना बच्ची! माशाल्ला, माशाल्ला!"

त्यांच्या मागं सासूबाई. पातळ ओलं, हातात बादली. माझा हात आपोआप ओढणीकडं गेला, वाटी झाकायला. पण लेकीनं वाटीची कड धरून ठेवली होती. म्हटलं, आता होऊ दे काय व्हायचं ते. भांडणाची माझी पूर्ण तयारी होती. मनात वाक्यंही जुळवून झाली होती, चांगली तिखट.

सासूबाईंनी बादली ठेवली. खाला हसल्या आणि मोटर बंद करायला त्याच गेल्या. सासूबाईंनी वाटीत डोकावून बघितलं. वाटी जवळजवळ रिकामी.

"हिनं खाल्ली? का तू?"

"दोघींनी. मी खाल्लं की ती खाते. बघा." मी घास घेतला. लेकीनं तोंड उघडलं.

त्यांनी पातळाचा ओला पदर पिळला. मग म्हणाल्या, "मला बी भाकरी वाढ."

मी ताट वाढलं. त्या खाली बसल्या, पण सवयीनं, आमच्याकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड. घास मोडला आणि थांबल्या. लेक बाजूला कलंडून, मान वाकडी करून, आजीचं तोंड शोधत होती. "आई, इकडं वळा," मी म्हटलं, "तिला दिसत नाही."

सासूबाई वळल्या. तोंडावर पदर धरला होता, तो हळूच खाली घेतला. पहिला घास घेताना नव्या नवरीसारख्या लाजल्या. म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यानं जन्मात कधी मला जेवताना बघितलं नसंल."

सासरे जाऊन सहा वर्षं झाली होती. मी जुळवून ठेवलेली तिखट वाक्यं तशीच पोटात राहिली. लेक आजीच्या तोंडाकडं बघत "आऽऽ" करत होती आणि मला तिच्या वाटीत आणखी खिमटी घालायला उठायचंही सुचेना.

त्या संध्याकाळी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट मात्र निघालीच. लेकीची काढली, माझी काढली. "खालांनी माशाल्ला म्हटलं होतं ना, मग कसली लागते दृष्ट?" मी म्हटलं. "असू दे," सासूबाई म्हणाल्या, "आपलं बी करून ठिवावं." नवऱ्याला त्या दिवशी खिमटी उरली नाही. तो थोडा नाराज दिसला.

एक तारखेला मी कामावर गेले. आता हे सुख असेल असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी माझ्याबरोबर कंपनीच्या कँटीनमध्ये येऊन बसावं. जेवणाच्या सुट्टीत घरून व्हिडिओ कॉल येतो. मी फोन पाण्याच्या बाटलीला टेकवते, डबा उघडते आणि भर कँटीनमध्ये आऽऽ करून घास घेते. चार टेबलांवरची माणसं बघतात. पलीकडं लेक आऽऽ करते. पहिल्या दिवशी मी घाईत नुसता भात खाल्ला तर सासूबाई तिकडून ओरडल्या, "भाकरी कुठं हाय? नीट जेव, ती बघती ना!"

त्या दिवशी मला दिसलं की लेकीच्या मागं सासूबाईंचं ताट वाढलेलं आहे, पण हात लावलेला नाही.

"तुम्ही का थांबलात?"

"आधी तू घे. मग ती. मग माझं बघते मी."

"नाही. आधी तुम्ही."

"असं कुठं असतंय व्हय?"

"आई, घास घ्या. माझी सुट्टी संपेल."

आमची वादावादी चांगलीच रंगली. शेवटी लेकीलाच कंटाळा आला. तिनं मागं वळून आजीच्या ताटात हात घातला, भाकरीचा तुकडा उचलला आणि तो स्वतःच्या तोंडाजवळ न नेता आजीच्या ओठांवर दाबून धरला. सासूबाईंनी तोंड उघडलं.