विहिरीतलं झाड

हातात दगड आला की बाई तो आधी जिभेला लावायच्या. दगड ओला झाला की त्यातली नक्षी उठून दिसते, असं त्यांचं म्हणणं. पिशवीत पाण्याची बाटली असायची, पण तिचं झाकण काढायला धीर कुणाला!

परभणीच्या कॉलेजात त्या झाडांचा विषय शिकवायच्या. रविवारी एसटीनं आमच्या झरीला उतरायच्या आणि जो पहिला भेटेल त्याला विचारायच्या, "कुणाच्या विहिरीचं खोदकाम चालू आहे का?" तुमच्याकडंही असं एखादं माणूस येऊन गेलं असेल. गाव आधी हसतं, मग चहा पाजतं. आमच्या गावानंही तेच केलं.

विहीर खांदायला घेतली की पहिल्या फुटलेल्या दगडाला आमच्यात हळदकुंकू वाहतात. एकदा बाईंनी ढिगातून नेमका तोच उचलला आणि चाटला. जीभ लालपिवळी झाली. घरची मालकीण ओरडली, "अवो म्याडम, देव चाटला की तुमी!" बाईंनी दगड जागेवर ठेवला, हात जोडले आणि म्हणाल्या, "चुकलं. पण याच्यात काही नाही हो." बायका पदरात तोंड घालून हसल्या. मालकीण मात्र दिवसभर फुगून बसली.

दुपारी त्या माझ्या ओसरीवर डबा सोडायच्या. मी चौथी शिकलेली आणि तोंडानं फटकळ. एकदा विचारलंच, "एवढे दगड चाटून तुमाला घावलं तरी काय?"

त्यांनी कापडात गुंडाळलेली दगडाची एक चपटी कपची काढली. तिच्यावर सुताएवढी काळी काडी, वर जाऊन दोन फाटे फुटलेली. पान नाही, फूल नाही.

"मावशी, पाण्यातून जमिनीवर आलेली अगदी सुरुवातीची झाडं अशी होती. बोटाएवढी. लांबच्या देशातला दगड आहे हा, माझ्या सरांनी दिलेला."

"हे झाड व्हय? ह्याला माझी शेळी बी तोंड लावणार न्हाई."

"तेव्हा शेळीच नव्हती."

मग त्यांनी समजावून सांगितलं. अशा काड्या आज समुद्राच्या अल्याड-पल्याड, एकमेकांपासून लांब असलेल्या देशांत सापडतात. त्या काळी जमिनी आजच्या जागी नव्हत्या. कितीतरी एकमेकींना चिकटून होत्या, मग सरकत सरकत लांब गेल्या. कुठल्या दगडात कोणतं झाड आहे यावरून कोण कुणाच्या शेजारी होतं ते ओळखायचं.

"मंजी भावकीच्या वाटण्या झाल्या म्हणा की."

"झाल्या. पण बांधावरून भांडणं नाही झाली."

"मग आपल्याकडं घावंल का ही काडी?"

"नाही. आपला काळा दगड फार नंतरचा, आगीतून आलेला. त्याच्या दोन थरांत कुठं पांढरा थर असला, तर या काडीची पतवंडं सापडतील. मला तेवढी पुरेत." आणि तो थर विहीर खांदल्याशिवाय दिसत नव्हता.

पुढं आमचीच मोसंबी वाळायला लागली. जुनी विहीर आटलेली. नवीन खांदायला घेतली. काळा दगड संपला, खाली पांढरा थर लागला आणि त्यात, तळाला आडवं पडलेलं, एक खोड निघालं. दगडाचं. जाडजूड, दोन्ही टोकं भिंतीत गेलेली. माझ्या पोरानं बाईंना फोन केला.

त्या क्रेनच्या पाटीत बसून खाली उतरल्या. मीही उतरले. त्यांनी खोडावर हात ठेवला आणि वाकून जीभ लावली.

"ताडाच्या जातीचं आहे," म्हणाल्या. "मावशी, एवढं अख्खं मी कधी पाहिलं नाही. थोडे दिवस थांबता येईल? कॉलेजातून माणसं आणते, नीट काढून घेते."

पाणी अजून लागलं नव्हतं आणि दुसऱ्या दिवशी सुरुंग लावायचा होता. पोरगा माझ्याकडं बघायला लागला.

मी म्हणाले, "म्याडम, तुमचं झाड कवाच मेलंय. माझी झाडं उभ्यानं मरायलीत."

बाई उठल्या. गुडघ्यांची धूळ झटकली. "बरोबर आहे. आधी जिवंत झाडं."

दिवस मावळेपर्यंत त्या छिन्नी घेऊन तळाला बसल्या. पोरानं मदत केली. फोटो काढले, काही तुकडे निघाले, बाकीचं खोड जागचं हललं नाही. रात्री माझ्याकडं राहिल्या. जेवल्या थोडंच.

सकाळी सुरुंग लावायच्या आधी नारळ मी त्यांच्या हातात दिला. "तुमीच फोडा." त्यांनी फोडला. सगळे लांब गेलो. धमाका झाला तेव्हा त्यांनी लिंबाच्या झाडाकडं तोंड फिरवलं. मी शेजारी उभी राहिले.

धूर बसला. पोरगा काठावरून वाकला आणि ओरडला, "माय, पाणी! पाणी लागलं!"

सगळ्यांच्या आधी बाई पळाल्या. एक चप्पल मातीत राहिली. "किती आहे? पुरेल ना मोसंबीला?" असं विचारत होत्या. फुटलेल्या ढिगाकडं त्यांनी तेव्हा बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतर त्यांचं आजारपण निघालं आणि येणं थांबलं. फोन करायच्या. "मावशी, मोसंबी कशी आहे?" खोडाचं नाव कधी काढलं नाही. मग एक दिवस त्यांच्या भाचीचा फोन आला, बाई गेल्या म्हणून. मी बरं म्हटलं आणि ठेवला.

विहिरीला आता पाणी असतं. उन्हाळ्यात ते खाली जातं, पांढरा थर उघडा पडतो आणि भिंतीत राहून गेलेलं खोडाचं टोक दिसतं. ताटाएवढं गोल, बारीक ठिपक्यांनी भरलेलं. पाणी उतरलेलं मला आवडत नाही, कुणालाच आवडत नाही. मी मोटार बंद करते आणि काठावर बसते. यंदा फळ चांगलं धरलंय, एवढं मोठ्यानं सांगते आणि उठते.