ओहोटीची बाटली

आमच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत काकांइतका चिकित्सक माणूस दुसरा नव्हता. मी तिथं बाटल्या धुते, त्यामुळे त्यांचा जाच सगळ्यात जास्त मलाच. धुतलेली बाटली ते उजेडात धरून बघायचे, हुंगायचे आणि परत माझ्या हातात द्यायचे. "बाई, साबण राहिलाय." मी मनातल्या मनात चार शिव्या हासडून परत धुवायची.

त्यांचं काम दिसायला सोपं. आठवड्यातून एकदा खाडीलगतच्या पाणथळीवर जायचं. भरतीचं पाणी आत शिरताना एक बाटली भरायची, आणि सहा तासांनी तेच पाणी बाहेर पडताना दुसरी. शहराचं सांडपाणी खाडीत येतं. त्यातलं नत्र भरतीबरोबर पाणथळीत जातं. थोडं गवत शोषून घेतं, थोडं चिखलातले जिवाणू हवेत सोडून देतात. दोन बाटल्यांतला फरक म्हणजे पाणथळीनं जिरवलेली घाण. त्या फरकासाठी काका सत्तावीस वर्षं पुलाखालच्या दगडावर डबा घेऊन बसले.

सुट्टीच्या दिवशी पुतणीही शेजारी असायची. आईवडील गेल्यावर ती काकांकडेच वाढली. पोर हुशार. शिकली आणि आमच्याच प्रयोगशाळेत साहेब होऊन आली. काकांचे पाय जमिनीवर ठरेनात. घरी 'काका' आणि इथं 'मॅडम', हा नियमही त्यांनीच घातला.

तो नियम मॅडमनी एकदाच मोडला, गेल्या वर्षी, माझ्यादेखत. "काका, गुडघे बघा तुमचे. ओहोटीची वाट बघत बसू नका आता. सकाळी दहाला जा. एक बाटली पाणथळीच्या तोंडाशी भरा, एक थोडं आत. पाच मिनिटांचं काम."

"म्हणजे दोन्हीत एकच पाणी?"

"नवी पद्धत आहे. पुढचं गणित मी बघते ना."

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर काकांनी त्याला उभा-आडवा घेतला असता. पण लेकीसारखी पोर, आणि गुडघ्यांची एवढी काळजी! मलाही तेव्हा भरून आलं होतं, आता सांगायला लाज वाटते. वर्षभर त्यांनी दहाच्या बाटल्या भरल्या आणि सवयीनं प्रत्येकीवर सही केली.

मग मॅडमनी केलेला अहवाल आला. पाणथळीवर भराव घालून गोदामं बांधायची होती, त्यासाठीचा. आतल्या आणि बाहेरच्या पाण्यात फरक नाही, सबब पाणथळ निरुपयोगी. एकाच वेळी भरलेल्या बाटल्यांत फरक दिसणार कुठून? काकांच्या सत्तावीस वर्षांच्या नोंदी 'पद्धत वेगळी' म्हणून वगळल्या होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काका मात्र पानं उलटीसुलटी करत राहिले, कुठंतरी छपाईची चूक सापडेल म्हणून.

हरकतींच्या सुनावणीला ते जुन्या वह्यांचं गाठोडं घेऊन गेले. मी सोबत होते. अध्यक्षांनी वह्या उघडल्याच नाहीत. या वर्षीची एक बाटली पुढं सरकवली.

"ही सही तुमची?"

समोर मॅडम मान खाली घालून बसल्या होत्या. काकांनी बाटली सवयीनं उजेडात धरली.

"माझीच."

"मग हरकत कसली?"

काकांनी पद्धतीबद्दल सांगायला सुरुवात केली, पण अध्यक्षांनी पुढच्या माणसाला हाक मारली. दहा मिनिटांत भरावाला मंजुरी मिळाली. केसानं गळा कापणं म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

मॅडम बाहेर मागोमाग आल्या. "काका, वरून सांगितलं होतं हो. माझा नाइलाज झाला."

काकांनी गाठोडं खाली ठेवलं. "सहावीत होतीस तू. ओहोटीपर्यंत का थांबायचं, असं मी दगडावर बसून तुला विचारलं होतं. काय उत्तर दिलं होतंस, आठवतं?"

मॅडमचे डोळे भरले. "आठवतं, काका. सगळं आठवतं."

"विसरली असतीस तर बरं झालं असतं," काका म्हणाले, आणि गाठोडं उचलून एकटेच चालू लागले.