मी दिलेला धीर

नर्सच्या नोकरीत पंचवीस वर्षं काढली की हात आणि तोंड दोन्ही आपोआप चालायला लागतात. हात इंजेक्शन देतो, तोंड धीर देतं. हातानं मला कधी दगा दिला नाही. तोंडानं दिला.

पनवेलला आम्हा नर्सेसचं आणि आशाताईंचं प्रशिक्षण होतं. लहानपणी घसा सुजतो, ताप येतो, सांधे धरतात, मग मूल बरं होतं आणि घरचे विसरून जातात. पण काहींच्या हृदयाची झडप त्यात कायमची बिघडते. वेळेत सापडलं तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन देऊन पुढची पडझड थांबवता येते. हे शोधायला मोठे डॉक्टर गावोगाव फिरणार नाहीत, म्हणून आम्ही. मोबाइलला जोडायचं छोटं यंत्र छातीवर टेकवायचं, आणि रक्ताचा झोत झडपेतून मागे फिरताना दिसला की चिठ्ठी लिहून मुंबईला पाठवायचं. नाही दिसला तर चिठ्ठी द्यायची नाही. सरावासाठी आम्ही एकमेकींच्या छातीला जेल चोपडायचो आणि "अगं, हिला खरंच हृदय आहे!" म्हणून खिदळायचो. शिकवणारे डॉक्टर हसत नसत. ते रोज बजावायचे, "पालकांना उगाच धीर देऊ नका. शंका आहे, जायलाच हवं, एवढंच सांगा." मला राग यायचा. माझ्या मुलाच्या वयाचा माणूस मला बोलायला शिकवत होता.

मग उरणकडच्या एका कोळीवाड्यातल्या शाळेत तपासणी लागली. नववीतली एक मुलगी आली, सोबत आई. आई बाजारात मासळी विकायची. डोक्यावरची पाटी दाराबाहेर ठेवून आत आली होती. पडद्यावर झोत मागे फिरला. मी पुन्हा बघितलं, पुन्हा तेच. चिठ्ठी बिनचूक लिहिली. मग मान वर केली तर आईचा चेहरा पांढराफटक पडलेला. मी म्हणाले, "काही नाही हो, घाबरू नका. फक्त एकदा मुंबईला दाखवून या."

आईनं पहिलं तेवढं ऐकलं.

मुंबईला जायचं म्हणजे मोऱ्याच्या बंदरावरून लाँच धरायची, बाजाराचा दिवस बुडवायचा. महिन्याभरानं आशाताई विचारायला गेली तेव्हा आई म्हणाली, "सिस्टरच बोलल्या, काय नाय. मंग जावाचा कशाला?" आशाताईनं ते मला सांगितलं. मी म्हटलं, फोन करते. त्या आठवड्यात लसीकरण होतं, पुढच्या आठवड्यात मीटिंग. फोन राहिला तो राहिलाच.

पावसाळ्यात मुलीला पुन्हा ताप आला, सांधे धरले, मग चार पावलांवर दम लागायला लागला. मुंबईला नेली तेव्हा उचलूनच न्यावी लागली. चौथ्या दिवशी ती गेली.

दिवसकार्य झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. आई दारातच मला फाडून खाईल, अशी तयारी ठेवून गेले होते. तिनं बसायला चटई टाकली. "तुमचा काय दोष, बाय? तुमी चिठी दिलेली. माझीच चूक हाय, मीच नाय नेली."

तेव्हा मी सांगायला हवं होतं की मला पडद्यावर दिसलं होतं, मला कळलं होतं, आणि तरीही मी तसं बोलले. त्याऐवजी तिनं दिलेला चहा प्यायले आणि निघाले. मुलीच्या मरणाचं दुःख आहेच, पण त्या चहाची मला जास्त लाज वाटते.

यंदा त्याच शाळेत पुन्हा तपासणी होती. आई धाकटीला घेऊन आली. मी सगळ्या बाजूंनी बघितलं, नेहमीच्या दुप्पट वेळ बघितलं. झडपा स्वच्छ होत्या. शेजारच्या नर्सलाही बघायला लावलं. मग आईला म्हटलं, "हिचं हृदय चांगलं आहे. खरंच चांगलं आहे."

तिच्या नजरेत राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"मोठीला पन तुमीच बघितलेली," ती म्हणाली. "चिठी द्या."

नियमानं देता येत नव्हती. मी दिली. ती घेऊन तिनं पोरीचा हात धरला आणि बाजाराकडे न जाता थेट मोऱ्याची वाट धरली.