दाजींची अकराची टीम

जगात बास्केटबॉल फक्त एकाच वर्षी नीट खेळला गेला, आणि तो निपाणीतल्या आमच्या कॉलेजच्या मातीच्या मैदानावर, आमच्या दाजींच्या कप्तानीखाली. त्याआधी आणि त्यानंतर जगभर जे काही चाललं आहे तो, दाजींच्या मते, चेंडूला उगाच दिलेला त्रास आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. वय अडुसष्ट. उंची पाच फूट सात इंच, पण त्यांच्या सांगण्यात ती पाच-नऊच्या खाली कधी उतरलेली मी ऐकली नाही. गावात त्यांचं नळ-पाइपांचं दुकान होतं, ते आता मुलगा बघतो. दाजींनी दुकान सोडलं, गुडघ्यांनी दाजींना सोडलं, पण पंचेचाळीस वर्षांपूर्वीची ती टीम काही सुटली नाही. आक्का म्हणते, "संसार माझ्यासंगं केला, पर ऱ्हायले त्या अकरा जनांत."

आणि हे खरंच आहे. आमच्या घरातल्या प्रत्येक माणसाला दाजींनी त्या टीममधली एकेक जागा दिलेली आहे. माझी बायको म्हणजे त्या टीममधला मुल्ला, कारण ती बोलते एकीकडे बघून आणि टोला बसतो दुसरीकडे. मी कोण, असं एकदा विचारलं तर म्हणाले, "तू टीममधी न्हाईस. तू स्कोर लिवायला." माझ्या मुलीसाठी स्थळ बघायला गेलो तेव्हा मुलाच्या शिक्षणाची चौकशी आम्ही करत होतो आणि दाजी त्याला भिंतीला टेकून उभा राहायला सांगत होते. लग्नाच्या पंगतीत वाढप्यांना ते झोन लावून उभे करतात. कुणी जागा सोडून हलला की रागाने कानडीत ओरडतात, "बिडब्याड! बिडब्याड!" म्हणजे सोडू नको. एकदा तर बुंदीचं ताट घेतलेला माणूस तासभर एका खांबाजवळ अडकून पडला होता आणि अर्ध्या पंगतीला बुंदीच मिळाली नाही. दाजी मात्र समाधानात होते. बचाव भक्कम झाला होता.

मी त्याच कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. हे पद मला माझ्या कामामुळे मिळालं असं मी समजतो. दाजी समजतात की देवाने त्यांच्या सोयीसाठी मला तिथे बसवलंय. दरवर्षी जिमखान्याच्या फळ्यावर टीमची यादी लागायच्या आधीच दाजी माझ्या टेबलासमोर हजर असतात. "काय मेव्हणं, आली का यादी?" मग काखेतली दुकानातली जुनी लांबट वही उघडायची. डाव्या पानावर त्यांची टीम, उजव्या पानावर यंदाची. मग संध्याकाळी मैदानावर आठवडाभर बसायचं आणि एकेक नाव रेघ ओढून जुन्या नावाला जोडायचं. शेजारी शेरा: 'पाय चांगला, डोकं न्हाय.' 'चेंडू धरतो का पपई?' 'आमच्या लांब्याच्या निम्मा, पर निम्मा तरी हाय.'

गेली काही वर्षं आमच्याकडे मुलांची टीम उभीच राहत नाही. पाच मुलं जमली की त्यातली तीन मोबाइलमध्ये असतात. टीम आहे ती मुलींची, आणि चांगली आहे. मला वाटलं, आता तरी वही मिटेल. पण दाजी म्हणाले, "बास्केटबॉलला काय ठाऊक, खेळतंय पोरगं का पोरगी? पाय बघायचा, पाय!" आणि त्यांनी बी. ए.च्या वर्गातल्या एका उंच, लाजऱ्या मुलीला लांब्याच्या नावाला जोडून टाकलं. "ए लांब्या, हात वर!" अशी हाक पहिल्यांदा आली तेव्हा ती मुलगी मागे वळून कुणी पुरुष उभा आहे का ते बघत होती. तिची आई ऑफिसात तक्रार घेऊन आली. दाजींनी तिला अर्धा तास मूळ लांब्याची थोरवी ऐकवली. जाताना ती माऊली म्हणाली, "मग म्हणा की तिला लांब्या. चांगलाच मानूस दिसतोय."

या वहीत एक गोष्ट मला कायम खटकायची. यादी बाराची असते. दाजींच्या पानावर नावं अकरा. त्यामुळे दरवर्षी उजवीकडचं एक नाव जोडीविना राहायचं. मी एकदा विचारलं. "आमची टीम अकराचीच हुती," दाजी म्हणाले. "बारावा लागतोय कशाला? पान्याची बाटली धरायला?" आणि विषय धारवाडच्या अंतिम सामन्याकडे वळवला. तो सामना मी माझ्या साखरपुड्यात, लग्नात आणि मुलीच्या बारशातही ऐकलेला आहे. दोन गुणांनी हरलो, आणि तेही पंचाने घात केला म्हणून. त्या पंचाला दाजी इतक्या प्रेमाने शिव्या देत की तो आमचा नातेवाईक असावा असं मुलांना बरेच दिवस वाटत होतं.

गेली दोन वर्षं जोडीविना राहिलेलं नाव होतं सानिका. डावखुरी मुलगी. आंधळ्यालाही कळावं की टीममध्ये हीच सगळ्यांत भारी. चेंडू तिच्या डाव्या हातात गेला की बाकीच्या मुली धावायच्या थांबून बघत राहायच्या. दाजी तेवढे बघत नसत. ते त्या वेळी चष्मा पुसत, नाहीतर बुटाची नाडी सोडून परत बांधत. मी वैतागून म्हटलं, "दाजी, अहो, ही बघा की! तुमच्या अकरांत असा एक तरी होता का?" दाजी म्हणाले, "असंल." बास्केटबॉलवर दाजींनी एका शब्दात उत्तर दिल्याची ही पहिलीच वेळ. मला वाटलं, म्हातारपण.

गेल्या वर्षी प्राचार्यांच्या मनात आलं की जिमखान्याच्या भिंतीवर जुन्या टीमच्या याद्या लावाव्यात. कपाटं उपसायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. चार दिवस धूळ खाल्ल्यावर मला तो कागद सापडला: दाजींच्या वर्षीचा, धारवाडच्या स्पर्धेचा प्रवेशफॉर्म. टाइप केलेली नावं बारा होती. बारावं नाव, भूपाल, निळ्या शाईने खोडलेलं. बाजूला 'रद्द' आणि खाली कप्तानाची सही. ती वळणदार सही मी पाइपांच्या बिलांवर शेकडो वेळा पाहिलेली होती.

कागद फाइलमध्ये परत ठेवता आला असता. पण माझी जात कारकुनाची, सापडलेला कागद मला गप्प बसू देत नाही. शिवाय इतक्या वर्षांत दाजींना एकदा तरी पकडायची संधी आली होती. संध्याकाळी मी हसत त्यांच्या घरात शिरलो आणि म्हटलं, "दाजी, तुमचा बारावा सापडला!" त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

दाजींनी चष्मा लावला. कागद वाचला. आक्काने आणून ठेवलेल्या चहावर साय धरली तरी त्यांचा हात कपाकडे गेला नाही. मग ते सावकाश बोलायला लागले, आणि त्यांच्या तोंडून बास्केटबॉलची गोष्ट मी पहिल्यांदाच हळू आवाजात ऐकली.

भूपाल चिकोडी रस्त्यावरच्या एका गावचा. घरी तंबाखू. डावखुरा. "त्याच्यागत खेळणारा मी परत बघितला न्हाय," दाजी म्हणाले. "ही पोरगी सोडून." धारवाडची स्पर्धा तंबाखूच्या कापणीत आली. भूपाल पंधरा दिवस सरावाला नव्हता. खेळाचे सर म्हणाले, तो आला तर पहिल्या पाचात तोच, आणि त्याच्यासाठी बाकावर बसायचं कप्तानाने. निघायच्या आदल्या दिवशी भूपालने बसच्या कंडक्टरकडे निरोप धाडला: कापणी उरकली, उद्या सकाळच्या गाडीला स्टँडवर येतो, माझं नाव ठेवा. आमच्याकडे तेव्हा निरोप असेच जायचे, आणि ते पोचायचेच. हाही पोचला. दाजींच्या हातात.

"सरांनी इचारलं, भूपालचं काय? मी म्हटलं, कायबी निरोप न्हाय. सर म्हटले, मग खोड नाव, कर सही. केली." दाजींनी सहीवर बोट ठेवलं. "सकाळी गाडी हलली आन् तो फलाटावर आला. पळत. कॅनव्हासचं बूट नाडीनं बांधून गळ्यात अडकवलेलं. मी खिडकीला हुतो. त्यानं हात वर केला. डावा. आन् मी दुसरीकडं बघितलं."

आक्का दारात उभी होती. मग दाजी म्हणाले, "पंचाचं काय चुकलं न्हवतं रं."

भूपाल पुन्हा कॉलेजात आला नव्हता. दाजी त्याच्या गावावरून दुकानाच्या कामासाठी अनेकदा गेले होते, पण दर वेळी गाडीतून, पुढे बघत. "आता जावा," आक्का म्हणाली. "कागद घिऊन जावा. आन् तू ने त्यास्नी. कागद तूच आनलायस."

रविवारी सकाळी मी दाजींना स्कूटरवर घेऊन गेलो. एरवी मागे बसून ते मला वाटेतल्या म्हशींना कशी बगल द्यावी हे शिकवत असतात. त्या दिवशी चिकोडी रस्त्यावरच्या म्हशी मी माझ्याच अकलेने चुकवल्या. भूपाल सोप्यावर भुईमुगाच्या शेंगा निवडत बसले होते. बारीक अंगाचे, डोक्यावर टोपी. दाजींना बघून क्षणभर डोळे बारीक केले आणि म्हणाले, "कप्तान! ये की. तिथं का हुबा ऱ्हायलास?"

उसाचं बोलणं झालं, गुडघ्यांचं झालं. तंबाखू कधीच सोडली, ऊस लावतो, असं भूपाल म्हणाले. दाजी दोन तांबे पाणी प्याले. शेवटी त्यांनी तो कागद शेंगांच्या ढिगाशेजारी ठेवला. भूपालनी तो हात लांब करून वाचला.

"भूपाल, तुजा निरोप मला मिळालता," दाजी म्हणाले.

"व्हय, ठाऊक हाय की," भूपाल म्हणाले. "कंडक्टर आमच्याच गावचा. कप्तानाच्या हातात दिला म्हणून सांगून गेलता मला."

दाजी त्यांच्याकडे बघतच राहिले. "मग भांडायला का आला न्हाईस?"

"भांडायचं कशापायी? मला वाटलं, तूच येशील." भूपालनी एक शेंग फोडली. "त्या उन्हाळ्यात निपाणीची गाडी यायच्या टायमाला रस्त्यावर जाऊन बसायचो. तू आलास की 'असू दे' म्हणायचं, येवढंच ठरवलं हुतं. मग पाऊस लागला. पेरण्या आल्या."

"आन् कॉलेज?"

"ते ऱ्हायलं. कुणासंगं खेळू?" हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. मग म्हणाले, "हारलासा म्हणं तुमी?"

"दोन गुणांनी."

"दोनच?" भूपाल मोठ्याने हसले. "दोन तर मी झोपंत केलं असतं!"

दाजीही हसले, पण त्यांचं हसणं आधी थांबलं. निघताना भूपाल त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असू दे." एका उन्हाळ्यासाठी तयार ठेवलेला तो शब्द पंचेचाळीस वर्षांनी मिळाला, आणि मिळाला तेव्हा देणाऱ्याला त्याची गरज उरली नव्हती. परतताना स्कूटरवर माझा खांदा दाजींनी घट्ट धरला होता. मी सावकाश चालवली.

यंदा यादी लागली तेव्हा दाजी आले. वही उघडली. डाव्या पानावर अकरांच्या खाली त्यांनी बारावं नाव लिहिलं. माझी फुटपट्टी मी पुढे केली, पण त्यांनी रेघा काही ओढल्या नाहीत. संध्याकाळी मैदानावर सानिकाने डाव्या हाताने चेंडू टाकला, तो कडीला न लागता आत गेला, आणि दाजींचा चष्मा नाकावर होता. त्यांनी तिला हाक मारली, "ए पोरी, नाव काय गं तुजं?"

"दोन वर्षं बघताय की मला, दाजी! सानिका."

"लई भारी खेळतीस, सानिका," दाजी म्हणाले. मग त्यांनी लांब्यालाही तिचं नाव विचारलं. ती जरा हिरमुसली, असं मला वाटलं.

तेव्हापासून दाजी सगळ्यांना ज्याच्या त्याच्या नावाने हाक मारतात, निम्म्या वेळा चुकीच्या. पंगतीत झोन लागत नाही, बुंदी सगळ्यांना मिळते. माझी बायको परवा म्हणाली, "आता मी मुल्ला न्हाई काय वो?" आणि आम्हा दोघांनाही वाईट वाटलं. खरं सांगायचं तर मला ते जुने दाजी हवे आहेत. पण त्यांना परत मागायचा हक्क मला नाही. कागद मीच नेला होता.

गेल्या महिन्यात मुली धारवाडला स्पर्धेसाठी निघाल्या. दाजी सकाळी सहालाच स्टँडवर हजर. गाडीत चढले, हातात यादी घेऊन एकेक नाव मोठ्याने वाचलं, प्रत्येकीकडून 'हजर' घेतलं, आणि खाली उतरून ड्रायव्हरला म्हणाले, "बारा हाईत. सोडा गाडी." खिडकीतून सानिकाने हात हलवला. दाजींनी गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात वरच ठेवला.

"चला दाजी," मी म्हटलं, "गेली गाडी."

"व्हय," दाजी म्हणाले, पण हलले नाहीत. रिकाम्या फलाटाकडे बघत होते. "जरा थांबू या. कोन मागनं पळत आलं तर?"